सारवणापासून फरशीपर्यंत : मराठी घराच्या तळाविषयी काही टिपणे

घरांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा भिंती, छप्पर आणि दरवाजे यांच्याकडे जाते. वाड्यांविषयीच्या लेखनात कोरीव खांब, महिरपी, हंड्या-झुंबरे आणि दिंडीदरवाजे यांची वर्णने विपुल आढळतात. ज्या जमिनीवर माणसे बसली, जेवली, निजली, ज्या जमिनीवर बायका बाळंत झाल्या आणि अखेरच्या क्षणी ज्या जमिनीवर माणसाला उतरवून ठेवण्याची रीत होती, त्या जमिनीचा उल्लेख मात्र क्वचित येतो. तळ हा पायाखालचा असल्यामुळे तो नजरेतून सुटतो, एवढेच याचे कारण नसावे. तळाचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्या हाती लेखणी नव्हती, हेही कारण आहे.

प्रस्तुत लेखात मराठी घराच्या तळाचा गेल्या साधारण दीडशे वर्षांतील प्रवास थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही स्थापत्याचे अभ्यासक नाही, मराठी शिकवतो. त्यामुळे आमची वाट शब्दांकडून वस्तूकडे जाणारी आहे. या प्रवासातून आम्हाला दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, पूर्वी घराचा तळ ही पुन्हा पुन्हा करण्याची गोष्ट होती. हळूहळू ती एकदा विकत आणून बसवण्याची वस्तू झाली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे क्रियापदाची जागा नामाने घेतली. दुसरी गोष्ट अशी की, तळ जेव्हा जेव्हा बदलला तेव्हा तेव्हा घरातील इतर अनेक गोष्टींना त्याच्यामागून बदलावे लागले. नव्या फरशीचे काम फरशीपाशी थांबत नाही, हा आज प्रत्येक गृहस्थाचा अनुभव आहे. इतिहासातही ते कधी फरशीपाशी थांबलेले नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. घराच्या तळासाठी मराठीचा जुना शब्द ‘भुई’. तो ‘भूमी’पासून आला. शेतातली भुई आणि घरातली भुई यांत भाषेने भेद केला नाही, कारण पदार्थ एकच होता. ‘साप म्हणून भुई धोपटणे’ या वाक्प्रचारातली भुई दोन्हींकडची असू शकते. त्याच्या जोडीला फारसीतून आलेला ‘जमीन’ हा शब्द आहे. ‘जमीन सारवली’ असे आपण सहज म्हणतो. ‘फरशी’ हा शब्दही त्याच वाटेने आला. ‘फर्श’ म्हणजे अंथरलेले, पसरलेले. म्हणजे भुई ही मुळात असते आणि फरशी ही तिच्यावर घातली जाते, हा फरक शब्दांतच आहे. मुंबईकर याच वस्तूला ‘लादी’ म्हणतो आणि पुण्यात आलेला मुंबईकर ‘लादी पुसणे’ या एका प्रयोगावरून ओळखू येतो.

सारवलेल्या भुईचे तंत्र आज वर्गात समजावून सांगावे लागते. नव्या घरात आधी मुरूम आणि माती पसरत, पाणी शिंपून ती मुरवत आणि लाकडी चोपण्याने दिवसचे दिवस चोपत. माती घट्ट बसली की तिच्यावर शेण आणि पाणी यांच्या काल्याने हात फिरवायचा. सारवणारी स्त्री उकिडवी बसून मागे मागे सरकत जाई आणि तिच्या हाताच्या फटकाऱ्यांच्या कमानी वाळल्यावरही जमिनीवर दिसत. ही भुई एकदा केली की झाले, असे नव्हते. चुलीपुढची जागा रोज, माजघर आठवड्याने किंवा सणावाराला, अंगण पावसाळा सरल्यावर नव्याने. कोकणात भाताच्या झोडणीआधी खळे करावे लागे, तेही याच रीतीने. पावसाळ्यात भुईला ओल येई, उन्हाळ्यात पोपडे सुटत. वाळवी, उंदरांची बिळे आणि पिसवा यांचा उपद्रव बाराही महिने असे.

या कामाला शास्त्राचा आधारही जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भूमी शुद्ध करण्याचे पाच उपाय सांगितले आहेत : झाडणे, सारवणे, शिंपणे, खरवडणे आणि त्या जागी गाई राहू देणे. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या लीळाचरित्रात सडासंमार्जन हा शब्द येतो, तो अशाच नित्यकर्माचा भाग म्हणून. म्हणजे भुई करणे हे एकाच वेळी बांधकाम, सफाई आणि धर्मकृत्य होते. पंगत उठल्यावर उष्टी काढून त्या जागी शेण लावले जाई ते स्वच्छतेसाठी की सोवळ्यासाठी, हा प्रश्न करणारीला पडण्याचे कारण नव्हते.

मात्र शुद्धीच्या या कल्पनेला दुसरी बाजू होती आणि ती विसरून सारवलेल्या घराचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुन्या घराचा तळ एका पातळीत नसे. अंगण, त्यावर जोते, मग ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, देवघर अशी चढती रचना असे. कोणी कुठपर्यंत यावे हे त्या चढणीने ठरवलेले असे. गावकीच्या कामासाठी आलेला महार अंगणापाशी थांबे. कुणबी ओसरीपर्यंत येई. विटाळशी बाईची जागा वेगळी असे. ज्याचा पाय ‘चुकून’ वर पडला त्याच्या मागे ती जागा शिंपली किंवा सारवली जाई. दलित आत्मकथनांतून उंबऱ्याबाहेर उभे राहण्याचे जे प्रसंग येतात, ते वाचताना या पातळ्या डोळ्यांसमोर नसतील तर प्रसंगाचा अर्धा अर्थ हरवतो. आजचा विद्यार्थी सपाट घरात वाढलेला असतो. ‘ओसरीवर येऊ दिले नाही’ या वाक्यातला अपमान त्याला तर्काने कळतो, पण ओसरी किती उंच होती आणि बाहेरून आत किती दिसत होते, हे त्याला ठाऊक नसते.

या भुईवर पहिला मोठा प्रहार झाला तो प्लेगच्या काळात. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्याच वर्षी पुण्यात साथ पसरली. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे ठरले नव्हते. रोग घराच्या जागेतच, तिथल्या मातीत आणि घाणीत मुरून राहतो, असा आरोग्य अधिकाऱ्यांतील अनेकांचा समज होता. त्यामुळे घरांच्या निर्जंतुकीकरणात भिंतींना चुना फासणे आणि औषधी द्रावण मारणे यांच्याबरोबर मातीच्या जमिनी उकरून काढणे हाही भाग होता. पिसवांद्वारे उंदरांकडून माणसाकडे रोग येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत मांडले; ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.

पुण्यातील रँडच्या कारकिर्दीविषयी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. गोरे शिपाई बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, ही त्या वेळची सर्वांत तीव्र तक्रार होती. २२ जून १८९७ च्या गोळीबारामागे अनेक कारणे होती. परंतु या तक्रारीकडे तळाच्या दृष्टीने पाहिले तर दोन शुद्धींचा संघर्ष दिसतो. घरच्या स्त्रीच्या लेखी जी जागा सारवून शुद्ध झाली होती, तीच आरोग्य खात्याच्या लेखी रोगाचे घर होती. एकीला बुटाने विटाळ होत होता, दुसऱ्याला शेणामातीने. दोन्ही बाजूंना भुई स्वच्छ हवी होती आणि स्वच्छतेचा अर्थ मात्र एक नव्हता. पुढच्या काळात खात्याचा अर्थ टिकला. १८९८ च्या कायद्याने मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि त्याने आखलेल्या दादर-माटुंग्यासारख्या नव्या वस्त्यांमध्ये घर म्हणजे पाण्याने धुता येण्याजोगा तळ असलेले घर, ही कल्पना रुजली.

पाण्याने धुता येणे ही बाब लहान वाटते, पण ती निर्णायक आहे. सारवलेली भुई शिंपता येते, धुता येत नाही. पाणी ओतले तर चिखल होतो. म्हणून जुन्या घरात पाण्याचे काम एका कोपऱ्यात, न्हाणीत किंवा मोरीत कोंडलेले असे आणि तेवढीच जागा दगडी असे. वाड्याचा चौक फरसबंदी असला तरी माजघर आणि स्वयंपाकघर मातीचेच. दगडी फरशी घरभर आली तेव्हा पाणी घरभर फिरू लागले. पाणी फिरू लागले म्हणून तळाला ढाळ द्यावा लागला. ढाळाच्या शेवटी नाळ, नाळीच्या शेवटी गटार आले. फरशीमागून येणाऱ्या कामांच्या मालिकेतली ही पहिली मालिका. तिच्यात भाषाही बदलली. ‘सारवणे’च्या जागी ‘धुणे’ आणि ‘पुसणे’ आले. पोतेरे गेले आणि फडके आले. ‘एखाद्याचे पोतेरे करणे’ हा प्रयोग मात्र मागे राहिला आणि तो वापरणाऱ्या अनेकांना पोतेरे ही वस्तू काय होती, हे सांगता येत नाही.

ही दगडी फरशी आली कोठून? बहुतांश शहाबादहून. हे गाव आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. तेथला चुनखडीचा दगड थराथरांनी सुटतो, त्यामुळे फारसे न तासताही त्याची सपाट लादी मिळते. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरकडे जाणारा लोहमार्ग १८७१ पर्यंत पूर्ण झाला आणि शहाबाद त्याच मार्गावर आहे. जड, स्वस्त आणि घासून गुळगुळीत होणारा हा दगड आगगाडीमुळे दूरवर जाऊ शकला. पुढे त्याच चुनखडीवर तेथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला, हेही स्वाभाविकच.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठी घरातील दगडांची नावे ही बहुतेक गावांची नावे आहेत. जमिनीला शहाबादी, ओट्याला कडप्पा, जिन्याला कोटा, देवघराला मकराणा. मातीची भुई मात्र निनावी होती, कारण ती परसातून किंवा गावच्या खाणीतून आणलेली असे. तळाला गावाचे नाव मिळाले त्याच वेळी तो त्या गावाचा, म्हणजे परगावचा झाला. स्वयंपाकघरात उभे राहून पायाखाली कर्नाटक आणि हाताखाली आंध्र, अशी स्थिती कितीतरी मराठी गृहिणींनी आयुष्यभर अनुभवली. पण त्याचे भान आपल्या साहित्यात फारसे उमटले नाही.

दगडानंतरचा टप्पा रंगीत टाइल्सचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या भव्य इमारतींत इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटन कंपनीच्या भाजलेल्या मातीच्या नक्षीदार टाइल्स बसवल्या गेल्या. कुलाब्याचे अफगाण चर्च आणि १८७२ साली उघडलेले, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय यांच्या जमिनी आजही पाहता येतात. आयात केलेली ही वस्तू सामान्यांच्या आवाक्यातली नव्हती. १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी ‘भारत’ हे नाव घेऊन सिमेंटच्या टाइल्सची कंपनी काढली. उरणला कारखाना सुरू झाला. स्वदेशी चळवळीची प्रेरणा त्यामागे होती आणि कंपनीच्या नावातच ती दिसते. तोवर देशात सिमेंट होऊ लागले होते. १९१४ साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला होता.

सिमेंटच्या टाइलची कृती भाजलेल्या टाइलपेक्षा वेगळी आहे. धातूच्या पट्ट्यांनी नक्षीचे कप्पे पाडलेल्या साच्यात वेगवेगळ्या रंगांचे सिमेंट ओततात, पट्ट्या उचलून घेतात, पाठीमागे साध्या सिमेंटचा थर देतात आणि दाबयंत्राखाली दाबतात. भट्टी लागत नाही. टाइल पाण्यात मुरून घट्ट होते. प्रत्येक टाइलचा रंग हाताने भरलेला असतो, म्हणून दोन टाइल्स तंतोतंत सारख्या नसतात. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींत कडेने पट्टी आणि मधे गालिच्यासारखी फुलावळ, अशा या जमिनी अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. त्या पाहताना रांगोळीची आठवण होणे अपरिहार्य आहे. फरक इतकाच की रांगोळी सकाळी काढायची आणि संध्याकाळपर्यंत पुसली जायची. ही नक्षी कायमची. रोजच्या क्रियेचे टिकाऊ वस्तूत रूपांतर होण्याचे इतके सुबक उदाहरण दुसरे सापडणार नाही. रांगोळी मात्र गेली नाही. ती घरातून निघून दारासमोरच्या हातभर जागेत उरली.

स्वातंत्र्योत्तर काळातील मध्यमवर्गाची फरशी म्हणजे मोझाइक. पांढऱ्या किंवा रंगीत सिमेंटमध्ये संगमरवराच्या बारीक चिपा घालून केलेल्या या टाइल्स बसवल्यावर यंत्राने घासाव्या लागत. घरभर पांढरा रबडा, यंत्राची घरघर आणि त्यानंतर दिसणारी चकाकी, हे नव्या घराचे पहिले चित्र अनेकांच्या मनात असेल. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमानंतर राज्यात गृहनिर्माण संस्थांची वाढ झाली. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे जमीनदोस्त झाले आणि अनेक कुटुंबे मातीच्या भुईवरून थेट नव्या वसाहतींत गेली.

या फरशीमागून आलेली कामे अधिक दूरगामी होती, कारण ती माणसाच्या बसण्या-उठण्याशी संबंधित होती. मातीच्या भुईवर बसणे सुखाचे असे; ती हिवाळ्यात फार गार पडत नसे. मोझाइकवर थंडीत पाय टेकवत नाही. एका टप्प्यावर स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर गेला, याला गॅसची शेगडी आणि नळ ही मुख्य कारणे. परंतु गार, कडक फरशीने त्याला साथ दिली. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, तशी विळी मागे पडून सुरी आली. पाट गेले, टेबल-खुर्च्या आल्या. ‘पाटपाणी झाले का?’ हा प्रश्न विचारणारी पिढी सरली. पंगत हा शब्द मंगल कार्यालयांपुरता उरला आणि तेथेही ती बहुधा टेबलांवरच बसते. जाते, उखळ, पाटा-वरवंटा या जमिनीशी बांधलेल्या वस्तू घराबाहेर गेल्या. पिठाच्या गिरणीने जाते थांबवले, हे खरे. पण गिरणी बंद पडली असती तरी नव्या घरात जाते मांडायला भुई उरली नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी उभारलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या ओव्या वाचताना त्या जमिनीवर बसून, एक पाय पसरून, दोघींनी समोरासमोर म्हटलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवले तरच त्यांची लय उमगते. ओवीचे छंदशास्त्र शिकवताना आपण अक्षरे मोजतो, जमीन मात्र विसरतो.

आता आजच्या टप्प्याकडे येऊ. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत बहुतेक शहरी घरांत आणि आता खेड्यांतील नव्या बांधकामांतही व्हिट्रिफाइड टाइल दिसते. तिचे मोठे केंद्र गुजरातेतील मोरबी. अतिशय उष्णतेत भाजल्यामुळे ही टाइल जवळजवळ काचेसारखी होते, पाणी शोषत नाही, डाग धरत नाही आणि घासाईही लागत नाही. दोन फूट लांबीरुंदीच्या चौकोनांनी खोली दोन दिवसांत भरते. वेग आणि चकाकी हे तिचे गुण.

आमच्यापैकी एकाच्या घरी अलीकडेच हे काम झाले. जुनी मोझाइक फोडण्याचा राडारोडा नको, म्हणून तिच्यावरच नवी टाइल चिकटवण्याचे ठरले. तळ जेमतेम एक इंच वर आला आणि त्या एका इंचाने पुढचे चार महिने ठरवले. दारे जमिनीला घासू लागली म्हणून सुताराला बोलावून ती खालून रंध्याने तासली. दारे तासली म्हणून ती पुन्हा रंगवली. दारे रंगवल्यावर भिंती कळकट दिसू लागल्या. नव्या टाइलचीच पट्टी भिंतीच्या पायथ्याशी लावताना विजेच्या खालच्या खटक्यांच्या चौकटी हलवाव्या लागल्या. न्हाणीघराचा उंबरा नव्या पातळीपुढे इतका बुटका झाला की पाणी बाहेर येऊ लागले. तो उंच केला, तेव्हा न्हाणीघराची फरशीही बदलावी असे ठरले. कडप्प्याचा ओटा एक इंचाने बुटका झाला आणि काळा-पांढरा विसंवाद डोळ्यांत खुपू लागला. त्याच्या जागी ग्रॅनाइट आले. शेवटी जमीन इतकी गुळगुळीत झाली की घरातील वयस्कांच्या पायांसाठी तिच्यावर ठिकठिकाणी जाड सतरंज्या अंथराव्या लागल्या. ‘फर्श’ या शब्दाचा मूळ अर्थ असा परत आला.

साहित्याच्या वाचकांना येथे दिदेरोचा निबंध आठवेल. नवा झगा मिळाल्यावर जुनी खुर्ची, जुने मेज, जुनी चित्रे विजोड वाटू लागली आणि एकेक बदलताना आपण झग्याचे गुलाम झालो, अशी तक्रार या फ्रेंच विचारवंताने १७६९ साली लिहिलेल्या छोट्या निबंधात केली आहे. ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने १९८८ साली उपभोगाच्या चर्चेत या साखळीला दिदेरोचेच नाव दिले. परंतु झगा आणि फरशी यांत एक भेद आहे. झग्यामागून येणारे बदल अभिरुचीचे आहेत. मनात आणले तर ते टाळता येतात. फरशीमागून येणारे निम्मे बदल पातळीचे आहेत. दार घासते ते घासतेच. ग्रॅनाइटचा ओटा हा दिदेरोचा प्रश्न होता. न्हाणीघराचा उंबरा पाण्याचा. घराच्या इतिहासात हे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात, कारण गरजेचा बदल आणि हौसेचा बदल एकाच बिलात येतात आणि आपण साऱ्यालाच गरज म्हणून मोकळे होतो.

पातळीच्या या नव्या राजकारणात सर्वांत जास्त गमावले ते उंबऱ्याने. जुन्या घरात तो लाकडी किंवा दगडी असे, त्याची पूजा होई, त्याच्यावर बसू नये असा दंडक असे. आता घर अखंड सपाट हवे असते. म्हाताऱ्या माणसांच्या आणि चाकाच्या खुर्चीच्या दृष्टीने ही सोयच आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. आतल्या आणि बाहेरच्या माणसाला वेगळे करणारी घरातील चढण नाहीशी झाली, हेही बरेच झाले. जरी ती चढण सोसायटीच्या फाटकापाशी आणि कामगारांच्या वेगळ्या उद्वाहकापाशी पुन्हा उभी राहिल्याचे दिसते. पण ‘उंबरठा ओलांडणे’ आणि ‘उंबरठे झिजवणे’ हे प्रयोग वर्गात शिकवताना आता चित्र काढून दाखवावे लागते.

श्रमाचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. सारवणाचे श्रम घरच्या स्त्रीचे होते, बिनमोल होते आणि जन्मभराचे होते. ते गेले ही निखळ चांगली गोष्ट झाली. परंतु श्रम संपले नाहीत. ते घराबाहेर गेले. टाइल कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासात गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. दगडाच्या खाणींत, टाइल्सच्या कारखान्यांत आणि आपल्या बैठकीच्या खोलीत ती धूळ कोणाच्या तरी छातीत जाते. फरशी बसवणारा कारागीर आज बहुधा परप्रांतातून आलेला असतो, दोन दिवस घरात वावरतो, आणि घरच्या माणसांना त्याचे नाव ठाऊक नसते. सारवणाऱ्या स्त्रीला निदान ओव्यांत जागा मिळाली. फरशी बसवणाऱ्याला आपल्या कथा-कादंबऱ्यांत अजून पुरेशी मिळालेली नाही. त्याच्याकडे भाषा नाही असे मुळीच नाही. गवंडीकामातले ओळंबा, गुण्या, थापी, रंधा, पाणसळ हे शब्द आजही कामाच्या जागी ऐकू येतात. ‘भिंत गुण्यात नाही’ असे म्हणणारा मिस्त्री जितकी नेमकी मराठी बोलतो, तितकी नेमकी मराठी आपल्या समीक्षेत सापडणे कठीण. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीतले अंगण खरेच वाकडे आहे की नाही, हे पाणसळ लावून सांगणारा तोच.

भारताच्या जनगणनेत घरयादी करताना तळ कशाचा आहे, हेही विचारले जाते : माती, दगड, सिमेंट, मोझाइक किंवा टाइल्स इत्यादी. शासनाच्या लेखी ही प्रगतीची चढती भाजणी आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. आमच्या वर्गांत आम्ही हाच प्रश्न थोडा बदलून दिला. आजीचे, आईचे आणि तुमचे, अशा तीन घरांचा तळ कशाचा होता, तो कोणी केला, आणि त्यासाठी घरात कोणते शब्द वापरले जात, याची टिपणे आणा, असे सांगितले. बहुतेकांच्या टिपणांत मातीची भुई फार दूर नव्हती. दोन पिढ्यांवर होती. लातूरकडच्या, खानदेशातल्या आणि रत्नागिरीच्या मुलांनी एकाच कामाला निरनिराळे शब्द आणले. एका विद्यार्थिनीने आजीला विचारले होते की सारवलेल्या घराची आठवण येते का. घराची येते, सारवणाची येत नाही, असे उत्तर मिळाले.

या उत्तरात आमच्या मते वाचनाची एक शिस्त आहे. ग्रामीण कथा, स्त्रियांची आत्मचरित्रे, दलित आत्मकथने यांत जमीन सारवण्याचा उल्लेख आला की दोन मोह होतात. एक, त्याला संस्कृतीचा सुगंध लावण्याचा. दुसरा, तळटीप देऊन पुढे जाण्याचा. दोन्ही टाळून ती भुई कोणाच्या हाताखाली होती, कोणाच्या पायाला वर्ज्य होती आणि ती राखताना शरीराची ठेवण कशी होती, एवढे तीन प्रश्न वर्गात विचारता आले तर शब्दार्थ आपोआप कळतो आणि बरेच दिवस लक्षात राहतो. आजीची पिढी हयात आहे तोवर उत्तरे घरातच मिळतील. येत्या सत्रात आम्ही हेच टिपण पुन्हा देणार आहोत आणि या वेळी चौथे घर त्यात घालणार आहोत : ज्याने तुमच्या घरची फरशी बसवली, त्याचे.